आधी हात, मग हारतुरे

श्रोतेहो, नमस्कार. 29 सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. आज अशा माणसांविषयी बोलायचं आहे, जी स्वतः डॉक्टर नसली तरी चार लोक जमवून त्यांना सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबायला शिकवतात.

आधी एक गोष्ट. 12 जून 2021. कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम. युरो फुटबॉल, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. मध्यंतर तोंडावर आलेलं. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढे येतो, आणि कुणाचा धक्का नाही, काही नाही, तोंडावर कोसळतो. वय वर्षं 29!

पंच अँथनी टेलर तत्काळ खेळ थांबवून डॉक्टरांना बोलावतात. कप्तान सिमोन केर धावत येतो, एरिक्सनला कुशीवर करायला मदत करतो. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसन पोचले तेव्हा श्वास चालू होता, नाडी लागत होती. क्षणात चित्र पालटलं. मग छाती दाबणं सुरू झालं. मग डीफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा शॉक.

तोवर डेन्मार्कचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. बरेचसे पाठमोरे, काही रडत होते. कॅमेऱ्याला आपला मित्र त्या अवस्थेत दिसू नये, म्हणून. एरिक्सनची जोडीदार मैदानात आली, तिला केरनं आणि गोलरक्षक कॅस्पर श्मायकलनं सावरलं. मला या कड्याचं फार मोल वाटतं. आपल्याकडे रस्त्यात कुणी पडलं की खिशातला मोबाइल निघतो तो व्हिडिओ काढायला. हे थांबलंच पाहिजे. मोबाइल काढा, पण 108 लावायला.

एका शॉकनं हृदय पुन्हा चालू झालं. मैदानावरचे जर्मन डॉक्टर येन्स क्लाइनफेल्ड यांनी विचारलं, परत आलास ना? एरिक्सन म्हणाला, हो, अहो मी फक्त 29 वर्षांचा आहे! नंतर, तो शुद्धीवर असल्याचं कळल्यावर, फिनलंडचे प्रेक्षक ओरडायचे “ख्रिश्चन”, आणि समोरून डेन्मार्कचे उत्तर द्यायचे, “एरिक्सन”. प्रतिस्पर्धी, बरं का! छातीत यंत्र बसवून तो फेब्रुवारी 2022 मध्ये मैदानावर परतला, आणि 2024 च्या युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध त्यानं गोल केला. केरला आणि त्या वैद्यकीय पथकाला युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, 2021 चा अध्यक्षीय पुरस्कार दिला. योग्यच झालं.

पण मला सन्मान करायचा आहे तो त्याच देशातल्या, कुठल्याच कॅमेऱ्यात न आलेल्या माणसांचा. डेन्मार्कनं 2005 मध्ये शाळेत सीपीआर शिकवणं सक्तीचं केलं. 2006 पासून वाहन परवाना काढणाऱ्यालाही ते शिकावं लागतं. 2001 मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या शंभरातल्या साधारण 21 जणांना आसपासच्या कुणाचा हात मिळायचा. 2010 मध्ये 45 जणांना. 30 दिवसांनंतर जिवंत असणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ 11 टक्क्यांवर गेले. ही शिकवणाऱ्यांची कमाई. आपल्याकडे मात्र पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात! मुलांचा खेळाचा तास त्यांच्याकडून काढून घेऊ नये, हे मी कायम सांगत आलोय. त्याच तासात हेही शिकवता येईल.

आता कान देऊन ऐका. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, नुसते आचके देतोय. कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात तर दुसऱ्याला बसवा. पुन्हा सांगतो: हाक मारा, 108 लावा, छाती दाबा. कुणी काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

तुमच्या गावात हे शिकवणारी एखादी परिचारिका असेल, आशाताई असतील, निवृत्त जवान असतील. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत शाल-श्रीफळ त्यांना द्या. आणि सत्कार झाला की तिथेच सतरंजीवर त्यांच्याकडून सगळ्या गावाला प्रात्यक्षिक करून घ्या, सरपंचांपासून सुरुवात करून.