चिखल, राळ आणि पंचाचं बोट

[दृश्य : नदीकाठ, फावडं, बादलीत पडणारा काळसर चिखल]

हा चिखल विकत घेतला जातो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात डेलावेअर नदीला येऊन मिळणारी एक उपनदी आहे. तिच्या काठावरून, ओहोटीच्या वेळी, तो काढतात. नेमकी जागा कुणाला सांगत नाहीत. काढून आणला की काडीकचरा आणि खडे चाळून बाजूला करायचे, मग मुरत ठेवायचा, आणि हंगाम जवळ आला की डबे भरायचे. हे डबे जातात मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, तीसही संघांकडे.

बोटांवर तो कसा पसरतो ते बघा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली या चिखलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिकणमाती आणि बारीक गाळ यांच्यामुळे तो क्रीमसारखा लागतो. त्यात वाळूचे कण असतात, पण अगदी थोडे. चिखल वाळला की हे कण चेंडूच्या कातड्याला धरून राहतात, आणि बोटांना पकड मिळते ती त्यांची.

[दृश्य : पांढरे चेंडू, एकेक हातात घेऊन चिखल चोळणारा कर्मचारी]

सामन्यात वापरायचा प्रत्येक चेंडू आधी या चिखलाने चोळला जातो. डझनावारी चेंडू, एकेक करून, हाताने. पांढराशुभ्र चेंडू किंचित मळकट दिसायला लागला की तो खेळायला तयार झाला.

हे सुरू केलं लेना ब्लॅकबर्न यांनी. १९३८ साली ते फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स संघाचे प्रशिक्षक होते. चेंडूचा गुळगुळीतपणा घालवायला तेव्हा मैदानातली माती पाण्यात कालवून लावायचे, कुणी तंबाखूचा रस लावायचा, कुणी बुटाचं पॉलिश. पंचांच्या तक्रारी होत्याच. ब्लॅकबर्ननी आपल्या ओळखीच्या ओढ्यावरचा चिखल आणून लावून पाहिला. चेंडू काळा पडला नाही, कातडंही खराब झालं नाही. तेव्हापासून आजपर्यंत तोच चिखल.

म्हणजे कारखान्यातून येतो तसा हा चेंडू खेळायला चालत नाही, हे खुद्द लीगला गेली ऐंशीहून अधिक वर्षं माहीत आहे. पुढे जे जे दिसणार आहे ते पाहताना एवढं ध्यानात असू द्या.

[दृश्य : लाल दोऱ्याची शिवण, दोन सुया, दोन्ही हात एकदम ओढणारी कारागीर]

चेंडू बनतो कोस्टा रिकामध्ये, तुरिआल्बा या गावी, रॉलिंग्ज कंपनीच्या कारखान्यात. आत बुचाचा आणि रबराचा गाभा, त्याभोवती लोकरीच्या धाग्याचे वेढे, वर गाईच्या कातड्याचे दोन तुकडे. ते जोडायचं काम अजूनही यंत्राला जमलेलं नाही. मेणाच्या लाल दोऱ्याने १०८ दुहेरी टाके हाताने घातले जातात. कातडं कमावलेलं असतं तुरटीने, म्हणून ते इतकं पांढरं दिसतं, आणि म्हणूनच हाताला इतकं कोरडं आणि निसटतं लागतं.

आता हा चेंडू घेऊन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा राहतो. समोरचा बॅटर साठ फूट सहा इंचांवर. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग. चेंडू हातातून सुटताना शेवटचा स्पर्श असतो दोन बोटांच्या पेरांचा, आणि त्या क्षणी शिवणीवर बोटं घासून चेंडूला फिरकी मिळते. साध्या वेगवान चेंडूलाही मिनिटाला सुमारे २,३०० फेरे पडतात. हे फेरे उलट्या दिशेने असतात, त्यामुळे चेंडूभोवतीची हवा त्याला थोडा वर उचलून धरते. चेंडू पडायला हवा तितका पडत नाही. बॅटर त्याच्या खालून बॅट फिरवतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी इथे एक फरक समजून घ्यायला हवा. आपल्याकडे चेंडू चकाकवतात तो एका बाजूने गुळगुळीत राहावा म्हणून. घाम चालतो, थुंकीवर २०२० मध्ये आयसीसीने बंदी आणली. बेसबॉलमध्ये हवी असते पकड. बोट जितकं चिकटेल तितके फेरे जास्त, आणि चेंडू हातातून सटकून बॅटरच्या डोक्याकडे जाण्याची भीती कमी.

डोक्याकडे जाणारा चेंडू म्हणजे काय, हे या खेळाने पाहिलेलं आहे. ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंडच्या रे चॅपमनला कार्ल मेझचा चेंडू डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

[दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत]

थुंकी लावलेल्या चेंडूवर बंदी आली तीही त्याच वर्षी, १९२० च्या हंगामाआधी. त्या चेंडूवरच ज्यांचं पोट होतं अशा सतरा पिचरना निवृत्तीपर्यंत सूट दिली गेली. त्यातला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत खेळला. पण बंदीने थुंकी थांबली नाही. व्हॅसलीन आलं, केसांचं तेल आलं. पिचर गेलर्ड पेरी प्रत्येक चेंडूआधी टोपीला, कपाळाला, मानेला हात लावायचे. ही चित्रफीत पाहा. यातला कुठला स्पर्श खरा आणि कुठला बॅटरला घाबरवायचा, ते पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहूनही कळत नाही. निसरड्या चेंडूच्या या युक्त्यांवर त्यांनी खेळत असतानाच आत्मचरित्र लिहिलं, आणि मैदानाबाहेर काढलं गेलं ते १९८२ मध्ये, सिअॅटलकडून खेळताना, पहिल्यांदाच. ३१४ विजय मिळवून ते १९९१ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, गेले.

आजचा वाद मात्र निसरड्या चेंडूचा नाही, चिकट चेंडूचा आहे.

[दृश्य : राळेची पिशवी, उडणारी पांढरी भुकटी]

पिचरच्या मागे जमिनीवर पडलेली ही छोटी पिशवी राळेची. ती नियमात बसते. हाताला घाम आला की पिचर ती उचलतो, तळहातावर थोपटतो, खाली टाकतो. नियम म्हणतो, परका पदार्थ चेंडूला लावायचा नाही. राळ परकी नाही, कारण ती ठेवलीच आहे लीगने. पाइन टार, म्हणजे पाइनच्या लाकडापासून काढलेलं काळं डांबर, ते परकं. सनस्क्रीन परकं. बॅटरला मात्र तेच डांबर बॅटला मुठीपासून अठरा इंचांपर्यंत लावता येतं, कारण बॅट हातातून सुटली तर कुणाला तरी लागेल. चेंडू सुटला तर?

[दृश्य : फेनवे पार्क, २३ एप्रिल २०१४, मानेवरचा डाग]

हा मायकेल पिनेडा, न्यूयॉर्क यांकीजचा. बॉस्टनची थंड रात्र. मानेच्या उजव्या बाजूला चमकणारा हा डाग टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिला. बॉस्टनचे व्यवस्थापक जॉन फॅरेल बाहेर येतात, पंचांशी बोलतात. पंच गेरी डेव्हिस हात पाहतात, ग्लव्ह पाहतात, मग एक बोट मानेवरून फिरवतात. झालं. पिनेडा बाहेर, दहा सामने बंदी. आपल्याला थंडीत चेंडू हातात जाणवत नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. आणि थंडीत पकड लागते हे फॅरेलना मान्य होतं. आक्षेप होता तो इतक्या उघडपणे लावण्याला.

सगळ्यांना माहीत, सगळ्यांकडून होत असलेलं, आणि दिसलं तरच गुन्हा. खेळाडूंनी हा नियम बनवला नव्हता. तो वर्षानुवर्षं लीगने चालू दिला होता.

मग २०१५ नंतर प्रत्येक मैदानावर प्रत्येक चेंडूचे फेरे मोजले जाऊ लागले. ज्याचे फेरे जास्त त्याचा भाव जास्त. डांबर आणि सनस्क्रीन मागे पडलं. स्पायडर टॅक आलं. अवजड दगडी गोळे उचलणाऱ्या शक्तिवीरांसाठी बनवलेली ही पेस्ट. हातावर चेंडू उलटा धरला तरी पडत नाही, पाहा.

हे चूक होतं. पकड मिळवणं वेगळं आणि चेंडूला नसलेली ताकद देणं वेगळं. २०२१ च्या हंगामात १९ मेपर्यंत सहा नो-हिटर झाले, म्हणजे संपूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट, बॅटने मारून तळ गाठणारा फटका, मिळाला नाही. बॅटर हतबल झाले होते आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. मे महिन्याच्या अखेरीस शिकागोत पंच जो वेस्ट यांनी सेंट लुईसच्या जिओव्हानी गायेगोसची डाग पडलेली टोपी काढून घेतली. ८ जूनला यांकीजचा पिचर गेरिट कोल याला पत्रकारांनी थेट विचारलं, तुम्ही स्पायडर टॅक वापरलंत का? त्याचं उत्तर शब्दांपेक्षा या थांबण्यातून ऐका.

[दृश्य : कोल, पत्रकार परिषद, आवाज कमी न करता]

लीगने उपाय केला तो हंगामाच्या ऐन मध्यावर. १५ जूनला घोषणा, २१ जूनपासून अंमल. स्पायडर टॅक आणि सनस्क्रीन एकाच मापाने. सापडला की मैदानाबाहेर, दहा सामने बंदी, आणि त्या दहा सामन्यांत संघाला त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येणार नाही. घोषणेच्या आदल्या रात्री टँपा बेच्या टायलर ग्लासनाउच्या कोपराचा अस्थिबंध अंशतः फाटला. सनस्क्रीन सोडल्यापासून चेंडू जास्त जोराने आवळून धरावा लागला, हेच कारण, असं तो म्हणाला. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो परतला २०२२ च्या सप्टेंबर अखेरीला.

[दृश्य : फिलाडेल्फिया, २२ जून २०२१, मॅक्स शेरझर]

अंमल सुरू होऊन दुसरा दिवस. मॅक्स शेरझर, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीन वेळा मिळवलेला. पंच दोनदा तपासून गेलेत. चौथ्या डावात फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक जो जिरार्डी तिसऱ्यांदा तपासायला लावतात. टोपी खाली. ग्लव्ह खाली. आता पट्ट्याला हात. पंच केसांतून बोटं फिरवतात. काही सापडत नाही. पुढे जिरार्डीच बाहेर काढले जातात. त्याच दिवशी टेक्ससमध्ये ओकलंडच्या सर्जिओ रोमोने पंचांसमोर पँट खाली केली. लोक हसले. यात हसण्यासारखं काही नव्हतं. हजारो प्रेक्षकांसमोर, काही सापडायच्या आधीच, एका माणसाला अंग दाखवायला लावलं जात होतं.

[दृश्य : शिकागो, २७ जून २०२१, प्लास्टिकच्या पिशवीत जाणारा ग्लव्ह]

पाच दिवसांनी पहिला बळी. सिअॅटलचा हेक्टर सँटियागो. ग्लव्ह पुराव्यासारखा पिशवीत बंद होतो. सँटियागोचं म्हणणं, ही राळ आणि घाम. अपील फेटाळलं गेलं. ऑगस्टमध्ये दुसरा, अॅरिझोनाचा केलेब स्मिथ. तिसरा थेट १९ एप्रिल २०२३ रोजी, डॉजर स्टेडियमवर, आणि तो होता शेरझर, आता न्यूयॉर्क मेट्सकडून. पंचांनी आधी हात धुवायला सांगितले. लीगच्या अधिकाऱ्यासमोर अल्कोहोलने धुतले, असं शेरझर सांगतो. मग ग्लव्ह बदलायला लावला. तोही बदलला. चौथ्या डावाआधी पुन्हा हात पाहिले आणि बाहेर काढलं. शेरझर ओरडून सांगतोय ते ऐकू येतं, घाम आणि राळ, घाम आणि राळ.

तिन्ही वेळा मैदानावर फिल कुझ्झी हे पंच होते. दोन वर्षांत, सगळे पंच रोज सगळ्या पिचरचे हात तपासत असताना, तिघे सापडले आणि तिघांच्या वेळी तेच पंच. कुझ्झींच्या प्रामाणिकपणावर माझा संशय नाही. माझा आक्षेप मोजमापावर आहे. शेरझरच्या चारच दिवस आधी यांकीजच्या डोमिंगो हेर्मानच्या हातावरही चिकटपणा सापडला होता. त्यालाही धुवायला सांगितलं, पुढच्या तपासणीत करंगळीवर थोडी राळ उरलेली होती, आणि पंच जेम्स होय यांनी त्याला खेळू दिलं. महिन्याभराने टोरंटोत होय यांच्याच पंचमंडळाने हेर्मानला बाहेर काढलं. किती चिकट म्हणजे जास्त चिकट? नियमात आकडा नाही. प्रत्येक चेंडूचे फेरे मोजणाऱ्या या खेळात चिकटपणा मोजायला आहे ते फक्त पंचाचं बोट.

राळ लीगची. घाम माणसाचा. दोन्ही एकत्र आले की हात चिकट होणारच, त्यासाठीच तर ती पिशवी ठेवलेली आहे.

[दृश्य : जपानमधला सामना, पिचरच्या हाताचा जवळून शॉट]

जपानमध्ये हा वाद इतका पेटलेला नाही. तिथल्या व्यावसायिक लीगचा चेंडू मिझुनो बनवते. त्याचं कातडं मुळातच हाताला धरून राहतं. तिथून अमेरिकेत येणाऱ्या पिचरची पहिली तक्रार वर्षानुवर्षं एकच असते, इथला चेंडू निसटतो.

मग अमेरिकेने तसा चेंडू का बनवू नये? बनवून पाहिला आहे. २०२३ मध्ये डबल-ए दर्जाच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या, सदर्न लीगमध्ये हंगामाच्या पूर्वार्धात आधीच चिकटपणा दिलेला चेंडू वापरला. चिखल नाही, चोळणं नाही. उत्तरार्धात तो मागे घेतला आणि डबे पुन्हा उघडले. त्याच्या पुढच्या वर्षी, २३ जून २०२४ रोजी, शिकागोच्या रिग्ली फील्डवर मेट्सच्या एडविन डियाझचा हात पंच व्हिक कारापाझांनी धरला, पाहिला आणि बाहेरची खूण केली. डियाझ म्हणाला, राळ, घाम आणि माती. पंच म्हणाले, नाही. दहा सामने.

ज्या कंपनीत हा चेंडू तयार होतो त्या रॉलिंग्जमध्ये २०१८ पासून मेजर लीग बेसबॉलची स्वतःची भागीदारी आहे.