नाताळानंतरचा सेल आणि धनुर्मासातली पेठ: कोल्हापुरात खरेदीला निघताय?

[कॅमेऱ्यासमोर. मागे महाद्वार रोड, सकाळची वेळ, निम्मी शटरं अजून खाली.]

नमस्कार मंडळी! नाताळ झाला, केक संपले आणि राजारामपुरीपासून स्टेशन रोडपर्यंत काचांवर लाल पाट्या चढल्या. 'फ्लॅट ५०', 'अपटू ७०', 'दोनवर एक फ्री'. घराघरांत विषय निघालाच असणार, "चला की, नुसतं बघून येऊ." जाऊया की! पण नुसतं बघून कोण परत येतंय? म्हणून जायच्या आधी दहा मिनिटं माझ्याबरोबर बसा.

आधी हे ध्यानात घ्या, की या दिवसांत कोल्हापुरात दोन सेल चालू असतात. एकाची पाटी लागते, दुसऱ्याची लागत नाही. मला विचाराल तर बिनपाटीचा जास्त मजेचा. पण सुरुवात पाटीपासून करू, कारण खिसा तिथंच कापला जातो.

मोठ्या ब्रँडचा हिशेब हंगामावर चालतो. जाकिटं, स्वेटर, जाड पूर्ण बाह्यांचे कपडे हा थंडीचा माल. फेब्रुवारीत उन्हाळी माल लावायचा म्हणजे त्याच्या आधी मांडण्या रिकाम्या व्हायला हव्यात. म्हणून हा सेल. आता कोल्हापूरची थंडी तुम्हाला माहीत आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना जाकीट अंगात, नऊ वाजले की हातात. त्यामुळं आपल्याकडं हा माल शिल्लक राहतो आणि सूटही बरी मिळते. पोरांना पुढच्या वर्षासाठी एक साईज मोठा स्वेटर घ्यायचा असेल, किंवा घरातलं कुणी उत्तरेकडं शिकायला असेल, तर हाच मोका आहे. फक्त एक गणित बघा. पहिल्या दिवसांत साईज मिळतात, सूट कमी असते. जानेवारी पुढं सरकला की सूट वाढते आणि 'मीडियम' कुठंच सापडत नाही.

[हातात कोरा कागद. पेनानं आकडे.]

आता पाटी वाचूया. 'अपटू ७०' यातलं 'अपटू' मुंगीएवढं लिहिलेलं असतं आणि ७० खिडकीएवढं. म्हणजे दुकानात कुठंतरी एका कोपऱ्यात सत्तर टक्केवाला ढीग आहे. तुम्हाला आवडलेला शर्ट त्या ढिगात नसतो, हे ठरलेलं.

मग '५० अधिक २०'. आपण मनात बेरीज करून सत्तर म्हणतो. शर्ट २००० चा. पन्नास टक्के गेले, राहिले १०००. पुढचे वीस टक्के या हजारावर, म्हणजे २००. शर्ट पडला ८०० ला. सूट साठ टक्के झाली, सत्तर नाही. साठही वाईट नाही, पण माहीत असावं.

'दोनवर एक फ्री'मध्ये तिघांची किंमत सारखी असेल तर सूट फार तर तेहतीस टक्के. बहुतेक ठिकाणी फुकटचा तो तिघांतला सगळ्यात स्वस्त, म्हणजे त्याहूनही कमी. तीन हवेच असतील तर घ्या. एकासाठी गेलेल्या माणसानं तीन आणले तर घरी त्याला सूट मिळत नाही.

कराचं थोडं सांगते. लेबलवर 'कमाल विक्री किंमत, सर्व करांसहित' छापलेलं असतं. त्यावर सूट देऊन खाली पुन्हा जीएसटी जोडलेला दिसला तर तिथंच थांबा आणि विचारा. जीएसटीच्या आधी, व्हॅट या जुन्या विक्रीकराच्या काळात असाच वाद राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढं गेला होता. करासहित किमतीवर सूट जाहीर करून वर पुन्हा कर लावणं आयोगानं २०१७ मध्ये चुकीचं ठरवलं. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. बिलावर हा आकडा बघायची सवय लावा.

आणि ती आपली लाडकी पाटी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. रंग आवडला नाही, वहिनींना पसंत पडला नाही, तर बदलून देणं ही दुकानदाराची मर्जी. पण माल सदोष असेल, शिवण उसवलेली निघाली, चेन पहिल्याच दिवशी गेली, तर ही पाटी तुमच्या आड येत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला हवा, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत. त्यासाठी बिल मात्र पाहिजे. "बिल नको, शंभर कमी करतो" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. गंमत बघा, राष्ट्रीय ग्राहक दिन असतो २४ डिसेंबरला, १९८६ च्या पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून. म्हणजे नाताळाच्या आदल्या दिवशी ग्राहक दिन आणि मागोमाग सेल!

[चालत चालत. कॅमेरा सोबत.]

चला, आता पेठेत. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडपाच्या आजूबाजूच्या गल्ल्या. १६ डिसेंबरच्या सुमाराला धनुर्मास लागतो, तो थेट संक्रांतीपर्यंत. बहुतेक वर्षी पौषही याच सुमाराला येतो. लग्नाचे मुहूर्त जवळजवळ थांबतात. कापडवाल्यांच्या दृष्टीनं हे भाकड दिवस. कार्तिकातल्या आणि मार्गशीर्षातल्या लग्नांचे बस्ते बांधून झालेले असतात, माघातल्यांचे यायचे असतात. गादीवरची माणसं मोकळी असतात. एरवी लग्नसराईत जिथं तुमच्याकडं मान वर करून बघायला कुणाला वेळ नसतो, तिथं आता "या वहिनी, बसा, चहा सांगू का?" हाच तो बिनपाटीचा सेल.

इथं काय मागायचं? "बस्त्यातलं राहिलेलं दाखवा" म्हणायचं. लग्नासाठी एका जातीच्या पाच-सहा साड्या काढलेल्या असतात, त्यातल्या एक-दोन मागं राहतात. जोडी मोडली की दुकानदाराचा त्यातला जीव कमी होतो. तो वर हात घालून गठ्ठा काढतो, एकेक साडी फर्रकन उलगडतो. इथं घाई करू नका. साडी पूर्ण उलगडायला लावा आणि उचलून दुकानाच्या दाराशी, उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. बराच काळ घडीत पडलेल्या साडीची खोड घडीवरच कळते. तिथं जर काळवंडलेली असेल, किंवा घडीच्या रेघेवर बोट फिरवताना धागा विरळ लागला, तर ती साडी नेसताना त्याच रेघेवर फाटणार. पदर आणि काठ सगळेच बघतात, तुम्ही घडी बघा.

मग भाव. सकाळी लवकर गेलात तर भवानीची वेळ असते, पहिलं गिऱ्हाईक सहसा कुणी सोडत नाही.

"मालक, जरा बघून सांगा की."
"वहिनी, तुमच्यासाठी म्हणून शेवटचं सांगितलंय बघा."
"शेवटचं नको, आता पहिलंच सांगा. भवानी आहे तुमची."

एवढ्यावर काम होतं. आवाज चढवायला लागत नाही आणि उठून दारापर्यंत जायचं नाटकही आता जुनं झालं.

एक सावधगिरी. काळी साडी आत्ता स्वस्त मिळेल ही आशा सोडा. संक्रांत तोंडावर, त्यामुळं जाकिटं उतरतात तेव्हा काळ्या साड्या चढतात. हळदीकुंकवाचं वाण मात्र आत्ताच घेऊन ठेवा. होलसेलवाल्याकडून डझनावर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीच वाटी, तीच डबी महाग होते आणि वर रांगही लावायला लागते.

सोन्याच्या पेठेत, म्हणजे गुजरीत जाणार असाल तर दोन वाक्यं. 'सूट' लिहिलेली असते ती घडणावळीवर, सोन्याच्या भावावर नाही. आणि हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक बघा, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. साज, ठुशी, बोरमाळ, काहीही घ्या, हे बघितल्याशिवाय नाही.

[चप्पल हातात घेऊन, तळ कॅमेऱ्याकडं.]

आता चप्पल. नाताळाच्या सुट्टीला अंबाबाईच्या दर्शनाला आलेला प्रत्येक पाहुणा एक जोड घेऊन जातो. खऱ्या कोल्हापुरीवर 'फ्लॅट ५०'ची पाटी दिसली तर मला आधी शंका येते. हातानं केलेल्या कामात निम्मी किंमत सोडायला जागाच नसते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, आणि शिवणही चामड्याच्याच वादीची. तळाची कड बघा, चामड्याचे थर वेगवेगळे दिसायला हवेत. कडेला नुसता रंग फासलेला असेल, आत पुठ्ठा किंवा फोम असेल, तर ती दिसायला कोल्हापुरी. नाकाजवळ धरा, चामड्याचा वास लपत नाही, रेक्झिनचाही नाही. पायाला किंचित घट्ट घ्या, वापरून सैल होते. पहिले काही दिवस चावणार, तेल लावा.

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल झळकली आणि एवढा गदारोळ झाला, तो आठवत असेलच. तेव्हा चिडून पोस्ट टाकलेल्यांनी चप्पल लाईनमध्ये कारागिराशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालू नये, एवढं माझं म्हणणं.

शेवटचा मुक्काम गांधीनगर. कपड्यांची होलसेल बाजारपेठ म्हणून आपण जातो, चादरी, टॉवेल, ड्रेस मटेरियल गठ्ठ्यानं आणतो. चार घरांनी मिळून जा, कारण नग जास्त घेतला तरच भाव खाली येतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही पेठ उभी केली, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याआधी याच वळिवड्याच्या माळावर दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलं जास्त. शाळा होत्या, चर्च होतं, म्हणजे आज जिथं आपण टॉवेलचा भाव करतोय तिथं पोलिश पोरांचे नाताळ झालेत. वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूरचं स्मारकही आहे.

जायची वेळ सांगते आणि थांबते. एक जानेवारीपर्यंत महाद्वार परिसरात पर्यटकांची रीघ असते. पेठेतली खरेदी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी उरका, गाडी लांब लावून चालत या. ब्रँडची दुकानं संध्याकाळी फिरलात तर खासबागेत भेळ खाऊन घरी जाता येतं.

तुम्हाला बस्त्यातली उरलेली साडी कुठं बरी मिळाली ते खाली कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव मात्र जरा विचार करून लिहा, उद्या सकाळी मला तिथंच जायचंय.