ऊस वाळतो तेव्हा नुकसान कोणाचं?

(दृश्य : धारबांदोड्याकडे जाणारा रस्ता, कडेला उसाचे फड. आवाज फक्त गाडीचा.)

गोव्याचा एकमेव साखर कारखाना, संजीवनी, याच तालुक्यात. 2019-20च्या हंगामापासून त्याचं गाळप बंद आहे. ज्या शेतकऱ्यांनी तरीही ऊस सोडला नाही, त्यांचा माल घाट चढून कर्नाटकात जाऊ लागला. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हे कुठल्याही ऊसवाल्याला सांगावं लागत नाही. पण तोड झाली, मोळ्या बांधल्या, ट्रक भरला, घाट चढला आणि पलीकडे जाऊन रांगेत उभा राहिला, की चोवीस तास कधी उलटले ते कळतही नाही.

गोव्यातल्या एका कॉलेजच्या मुलामुलींनी हा विषय उचलला तो आयजेमसाठी. आयजेम ही सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे जिवांच्या जनुकांत हवे तसे बदल करून त्यांच्याकडून काम करून घेण्याच्या शास्त्राची, जागतिक विद्यार्थी स्पर्धा. अमेरिकेतल्या एमआयटीत 2003 साली महिनाभराचा एक वर्ग म्हणून तिची सुरुवात झाली. 2004 मध्ये 5 संघ होते, आता दरवर्षी 400च्या आसपास असतात आणि 2022पासून सगळे पॅरिसला जमतात. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही पदकं ठरलेले निकष पूर्ण केले की मिळतात, त्यामुळे एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं जात नाही. आणि प्रयोगशाळेत काय केलं याबरोबरच परीक्षक विचारतात : तुम्ही कोणाला जाऊन भेटलात, आणि त्यामुळे तुमच्या कामात काय बदललं?

(दृश्य : प्रयोगशाळा. पेट्रीडिश, पिपेट, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक.)

मुलांची मूळ कल्पना अशी. उसात इन्व्हर्टेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ऊस तुटल्यावरही त्याचं काम चालूच राहतं. ते साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या दोघांची दाणेदार साखर बनत नाही, ते मळीत जातात. त्यात तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात, रस चिकट होतो. मग इन्व्हर्टेजला आवरणारं एखादं प्रथिन जिवाणूकडून बनवून घेता येईल का? प्रश्न चांगला होता. कागदावर तर फारच चांगला.

मग ती मुलं फडावर गेली.

(दृश्य : बांधावर बसलेले एक वयस्कर शेतकरी, समोर चार-पाच मुलं. वहीवर धावणारं पेन.)

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की साखर घटली तर ती कारखान्याची घटली. माझा ऊस काट्यावर चढतो तेव्हा तिथे वजन बघतात. दोन दिवस उन्हात राहिला की मोळी हलकी होते, ते नुकसान माझं. त्यावर पाचट टाकतो, जमलं तर पाणी मारतो. तुमचं औषध वजन धरून ठेवील का?

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्नच कोणी मनात आणला नव्हता. उसाचा सरकारी दर, एफआरपी, साखरेच्या उताऱ्याशी, म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते त्याच्याशी, जोडलेला असतो हे मुलांना ठाऊक होतं. 10.25 टक्के उतारा हा त्याचा पाया. पण तो उतारा धरतात अख्ख्या कारखान्याचा, सरासरीने. एकट्या शेतकऱ्याने धडपड करून ऊस ताजा पोचवला, तरी त्याच्या बिलात वेगळं काही उमटत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी म्हणून प्रकल्प मांडला, त्याच्या हातात त्यातून थेट काहीच पडत नव्हतं. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच, आणि ते कुठल्याही यंत्रावर आलं नसतं.

काकांचा दुसरा प्रश्न : हे फडावर फवारणार का? बीटी वांग्याचं, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुक बदललेल्या वांग्याचं, काय झालं ते त्यांना आठवत होतं. 2010च्या सुरुवातीला, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्यावर, केंद्राने ते वांगं थांबवलं होतं. इथे मुलांकडे पक्कं उत्तर होतं. जनुकबदल केलेला कुठलाही जीव प्रयोगशाळेबाहेर सोडायचा नाही, हा आयजेमचा नियमच आहे. भारतात 1989च्या नियमांनुसार अशा कामावर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नजर असते. तरीही मुलांनी आराखडा बदलला. जिवंत जिवाणू वापरायचा विचार सोडून फक्त शुद्ध केलेलं प्रथिन, तेही सध्या प्रयोगशाळेतल्या उसाच्या कांड्यांवर.

(दृश्य : शाळेचा वर्ग. बाकांवर केळी, मीठ, भांड्यांचा साबण, काचेचे ग्लास.)

याच मुलांनी शाळेत जाऊन घेतलेला तास मात्र पहिल्यापासून रंगला. एक पिकलेलं केळं प्लास्टिकच्या पिशवीत कुस्करायचं. त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे थेंब. हलक्या हाताने ढवळायचं, फेस होऊ द्यायचा नाही. पातळ फडक्यातून गाळून घ्यायचं. मग बर्फात ठेवलेलं स्पिरिट ग्लासच्या कडेने अगदी हळू सोडायचं.

साबण कशाला, असं पाठीमागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. ताटावरचं तेल साबणाने सुटतं तसंच हे, पेशीभोवतीचं आवरणही स्निग्ध पदार्थाचंच असतं. तोवर पुढच्या बाकावर गलका झाला होता. दोन थरांच्या मधोमध पांढरट तंतू वर चढत होते. टीचरनी काडीने ते गुंडाळून उचलले आणि वर्गभर फिरवले. तंतू म्हणजे डीएनएचा एकच रेणू नव्हे, असंख्य रेणूंचा गुंता आहे आणि त्यात थोडी प्रथिनंही आहेत, एवढंही कॉलेजच्या मुलांनी आठवणीने सांगितलं. असं सांगणारी माणसं मला आवडतात.

पुढचं उदाहरण गावातलंच. काजूच्या बोंडांचा रस दोन-तीन दिवसांत आपोआप आंबतो, भट्टी लावणाऱ्या घरातल्या पोराला ते पाठ असतं. ते काम यीस्टचं. अशाच यीस्टमध्ये एक जनुक घालून कावीळ-बी ची लस बनवतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 साली भारताची पहिली अशी लस बाजारात आणली. बाळ जन्मलं की आता ही लस देतात, म्हणजे वर्गातल्या बहुतेकांनी ती घेतलेली. इथे वर्ग गप्प झाला. प्रत्येक जण आपला दंड बघत होता.

(दृश्य : लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. चौकटींत वेगवेगळे चेहरे.)

संघासंघांतलं सहकार्य बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण काम त्यावरच चालतं. एकाने बनवलेला डीएनएचा तुकडा दुसरा आपल्या प्रयोगशाळेत तपासतो आणि आकडे जुळतात का ते बघतो. जुळले नाहीत तर तेही लिहून ठेवतो. घाटापलीकडच्या एका संघाने गोव्याच्या मुलांनी शेतकऱ्यांसाठी केलेली प्रश्नावली घेतली आणि आपल्याकडच्या ऊसवाल्यांना तेच प्रश्न विचारले. बदल्यात गोव्याच्या मुलांनी त्यांना गणिती मॉडेल करून दिलं. प्रश्नावलीआधी प्रत्येकाची संमती घ्यायची, नाव कुठे छापायचं नाही, हेही दोघांनी मिळून ठरवलं.

अडचण पैशांची आहेच. नोंदणीचं शुल्क डॉलरमध्ये, रुपयांत काही लाख. शिवाय दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन जातात आणि ओळखी नव्याने कराव्या लागतात. म्हणून या खेपेला जाणाऱ्यांनी नव्या मुलांना एकदा सोबत घेऊन त्याच बांधावर नेलं.

नव्या तुकडीने तोड सुरू व्हायच्या आधीच काकांशी बोलून ठेवलंय. तोडलेल्या मोळ्यांपैकी काही पाचटाखाली, काही उघड्यावर. दर सहा तासांनी प्रत्येक मोळीचं वजन आणि रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचं माप), दोन्ही मोजायचं. दोन रकाने वहीत आताच आखून तयार आहेत, आणि वजनाचा रकाना आधी.