हाक आली की उठायचं

लॉगिन केलं, डेस्कटॉप दिसला, तरी पहिलं अर्धं मिनिट माऊस अडखळत का चालतो? पडद्यामागे ब्लूटूथ, प्रिंटर, कॅलेंडर, अपडेट अशा सगळ्यांचे मदतनीस प्रोग्राम एकदमच उठलेले असतात, म्हणून. एकेकटा पाहिला तर हलका. पण प्रत्येकाला आपापल्या लायब्ररी आणि सेटिंग वाचायच्या असतात, आणि फिरत्या डिस्कच्या वाचणाऱ्या टोकाला इकडून तिकडे जायला दर खेपेला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. एवढं करून प्रिंटरचा मदतनीस करतो काय? कागद संपला की सांगतो. तुम्ही दिवसभर काहीच छापलं नाहीत, तरी तो मेमरी अडवून बसलेलाच.

त्याला जलद कसं उठवायचं, यावर लोक डोकं लढवतात. मी विचारतो, आत्ताच का उठवायचं?

हा प्रश्न जुनाच आहे. 1986 च्या 4.3 बीएसडी या युनिक्स प्रणालीत आयनेटडी नावाचा प्रोग्राम होता: सगळ्या पोर्टांवर, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांच्या दारांवर, पहारा एकाचाच, आणि ज्याच्यासाठी कुणी आलं तेवढाच सर्व्हर तो सुरू करायचा. सेवा गरजेनुसार सुरू करणारे असेच प्रोग्राम पुढेही आले: 2005 मध्ये मॅकवर लाँचडी, 2010 मध्ये लिनक्सवर सिस्टिमडी.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे काम डी-बस, म्हणजे प्रोग्रामांमधले निरोप पोहोचवणारी यंत्रणा, करते, आणि ती युक्ती मला फार आवडते. एक छोटी फाइल असते. तिच्यात सेवेचं नाव आणि ती सुरू करायची कमांड. त्या नावाला निरोप आला आणि मदतनीस चालू नसला, तर बस निरोप स्वतःजवळ ठेवते, प्रोग्राम सुरू करते, त्यानं नाव घेतलं की निरोप त्याच्या हाती देते. पाठवणाऱ्याला यातलं काही कळत नाही. शिवाय 'आधी अ, मग ब' ही क्रमाची कटकटही बरीचशी मिटते, कारण ज्याला जो लागेल तो त्याला उठवतो.

फुकट मात्र काही नाही. लॉगिनची वाट पाहणं वाचलं, तर पहिल्या क्लिकला थोडं थांबावं लागतं. आणि काहींना झोपवून चालतच नाही. एक्स11 या लिनक्सवरच्या खिडक्यांच्या यंत्रणेत कॉपी केलेला मजकूर ज्यातून कॉपी केला त्या प्रोग्रामकडेच राहतो. तो बंद केला की मजकूर गेला. क्लिपबोर्डचा मदतनीस आधीपासून जागा नसेल, तर नंतर उठून तो काय वाचवणार?

काम संपल्यावर निजायचं कधी, हे तर उठण्याहून अवघड. मी एकदा बॅटरीच्या मदतनीसाला 10 सेकंद रिकामा राहिला की बंद व्हायला सांगितलं. मोठ्या हुशारीनं! पडद्याच्या वरची पट्टी त्याला दर 15 सेकंदांनी चार्ज विचारत होती, हे माझ्या गावीच नव्हतं. बिचारा दिवसभर उठत-निजत राहिला आणि बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरू लागली. शेवटी बदल पट्टीत करावा लागला: तिनं विचारायचं नाही, चार्ज बदलला की मदतनीसानंच कळवायचं. मग तो कायम चालूच ठेवला.