अमेरिकेतल्या अपील न्यायालयापर्यंतची वाट

मंडळी, आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा लागते; राज्यघटनेच्या २१७व्या कलमात तसं लिहिलेलंच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत संघीय न्यायाधीशासाठी अशी एकही अट नाही. वयाची नाही, अनुभवाची नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. अध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि सिनेटने मंजूर करायचं. त्यामुळे जिल्हा न्यायालयात वीस वर्षं चोख काम केलं म्हणून बढती मिळेल, असा हिशेब तिथे चालत नाही.

अपील न्यायालयं १३, मंजूर पदं १७९, नेमणूक तहहयात. जागा रिकामी कधी होणार हे बहुतेक वेळा बसलेला न्यायाधीशच ठरवतो. वय ६५ आणि सेवा १५ वर्षं झाली की पगार कायम ठेवून 'सीनियर' दर्जा घेता येतो. कामाचा भार कमी होतो आणि पद मोकळं होतं.

मग नाव कुणाचं पुढे येतं? आधी तिथलं काम बघा. तीन न्यायाधीशांचं पीठ, समोर साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद, एवढ्यावर निकाल. म्हणून अपिलं चालवलेल्या माणसाकडे लक्ष जातं. चंडीगडला जन्मलेले, कॅन्ससमध्ये वाढलेले श्री श्रीनिवासन आधी अपील न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लर्क, म्हणजे न्यायाधीशांचे कायदेविषयक सहायक, होते. पुढे सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात आणि खासगी फर्ममध्ये राहून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वीसहून अधिक प्रकरणं मांडली. सोनिया सोटोमायोर यांची वाट निराळी: मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील, मग फर्म, १९९२मध्ये जिल्हा न्यायाधीश. जून १९९७मध्ये अपील न्यायालयासाठी नाव गेलं आणि मंजुरी आली ऑक्टोबर १९९८मध्ये.

खरी कसोटी नाव गेल्यावर लागते. एफबीआयची चौकशी होतेच. पण माझ्या मते उमेदवाराने सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे सिनेटच्या न्यायिक समितीची प्रश्नावली. स्वतः लढवलेली दहा महत्त्वाची प्रकरणं लिहायची, विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या नाव-पत्त्यांसकट. प्रत्येक लेख, प्रत्येक भाषण जोडायचं. आधी न्यायाधीश असाल तर वरच्या कोर्टाने फिरवलेले निकालही. हे सगळं आयत्या वेळी सापडत नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षापासून नोंद ठेवावी लागते.

प्राध्यापक गुडविन लिऊ यांच्या २०१०च्या प्रश्नावलीत शंभरहून अधिक गोष्टी राहून गेल्या आणि मागाहून पाठवाव्या लागल्या. विरोध मुळात त्यांच्या मतांना होता, पण या त्रुटीने विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

सिनेटचं अधिवेशन संपलं की अडकलेली नावं परत जातात. श्रीनिवासन यांचं जून २०१२चं नाव असंच परत गेलं, जानेवारीत पुन्हा आलं आणि मे २०१३मध्ये ९७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. लिऊंच्या बाबतीत मे २०११मध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं हवी होती, मिळाली ५२. त्यांनी नाव मागे घेतलं. नोव्हेंबर २०१३मध्ये सिनेटने ही अट साध्या बहुमतावर आणली, म्हणजे तेवढी ५२ मतं आता पुरली असती. लिऊ तोवर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात रुजू झाले होते.