शाळेत हातकाम कशासाठी? नई तालीममधली ‘समवाय’ची अवघड पायरी

नमस्कार मंडळी. ‘दप्तराविना दहा दिवस’, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुलांनी स्थानिक कारागिरांसोबत शिकायचे दिवस, हा विषय निघाला की कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोरांच्या हाताला लहानपणीच कसब द्या, नुसत्या घोकंपट्टीनं पोट भरत नाही. दुसरा म्हणतो, सुतारकामच शिकायचं तर शाळा कशाला हवी? गंमत अशी की दोघांनीही एकच गोष्ट धरून ठेवलीय: शाळेतलं हातकाम म्हणजे पुढच्या धंद्याची तयारी. माझा वाद या समजुतीशीच आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आला. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एका हस्तोद्योगाभोवती. गांधीजींची ‘नई तालीम’ ती हीच. हे सगळ्यांनी शाळेत वाचलंय. जे सहसा वाचलेलं नसतं ते त्या अहवालातलं वेळापत्रक.

[स्क्रीनवर वेळापत्रक]

एकूण साडेपाच तास. उद्योगाला 3 तास 20 मिनिटं. मातृभाषा 40 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित, तिन्ही मिळून 40. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून 30. व्यायाम 10, मधली सुट्टी 10.

हे बघून पालक दचकतात आणि ते रास्त आहे. गणिताला एवढासाच वेळ? उत्तर असं की बरंचसं गणित त्या 3 तास 20 मिनिटांच्या आत शिकवायचं होतं. भाषेचा आणि विज्ञानाचाही मोठा भाग तिथेच. कामातून ज्ञान आणि ज्ञानातून पुन्हा काम, या जोडणीला नई तालीममध्ये ‘समवाय’ म्हणतात. तो जमला तर हे वेळापत्रक अत्यंत समृद्ध आहे. नाही जमला तर ती निव्वळ 3 तास 20 मिनिटांची मजुरी आहे. सगळी योजना या एका पायरीवर उभी राहते किंवा कोसळते. म्हणून आज मी याच पायरीवर रेंगाळणार आहे.

[टकळी आणि पेळू कॅमेऱ्यासमोर]

ही टकळी, म्हणजे सूत कातायची हातचाती, आणि हा पेळू, पिंजलेल्या कापसाची वळी. कातलेलं सूत फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, गुंडाळताना मोजतात. एक तार चार फुटांची. 160 तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी, म्हणजे 640 तार. लांबी 2560 फूट, साधारण 853 यार्ड.

आता दोन मुलींनी एकेक गुंडी पुरी केली. तार सारखेच, 640. तराजूत टाकल्यावर एकीची गुंडी भरली 46 ग्रॅम, दुसरीची 23. कुणाचं सूत बारीक? दुसरीचं, हे मुलं हात लावून सांगतील. पण किती बारीक? सुताचा नंबर म्हणजे एका पौंड सुतात 840 यार्डांची किती मापं बसतात तो आकडा. पहिलीचं सूत साधारण 10 नंबरचं, दुसरीचं 20 नंबरचं. वजन निम्मं, नंबर दुप्पट. व्यस्त प्रमाण फळ्यावर ‘आठ मजूर सहा दिवसांत’ असं यायच्या आधीच तराजूत येऊन बसलं. शिक्षकानं कातणं थांबवून धडा घ्यायचा तो नेमका याच क्षणी.

तसंच सूत तुटतं तेव्हा. पीळ कमी पडला की तंतू एकमेकांना धरत नाहीत, सरकतात. फार पडला की सूत आखडतं, गाठी वळतात. पिंजण नीट झालेली नसेल तर पेळूत गुठळ्या राहतात आणि तिथे सूत जाडबारीक होतं. ‘का तुटलं?’ असं मुलानं विचारलं की विज्ञानाचा तास सुरू झाला.

आणि खोटा समवाय? ‘आपण सूत काततो, कापूस इंग्लंडला जायचा, तर सांगा इंग्लंडची राजधानी कोणती?’ याला जोडणी म्हणत नाहीत. कसोटी सोपी आहे. तो धडा काढून टाका. काम पूर्वीसारखंच चाललं तर समवाय खोटा. काम अडलं किंवा बिघडलं तर खरा.

टकळी आज कोण चालवतं, असं विचारणारे आहेत, म्हणून शाळेच्या परसातलं उदाहरण घेऊ. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा, मेथी पेरलेली. ठरलंय की चौरस मीटरला पाच लिटर पाणी, म्हणजे वाफ्याला पंधरा. काल रात्री पाऊस झाला. आज पाणी द्यायचं का? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. उभ्या भिंतींच्या, सपाट बुडाच्या डब्यात पट्टी घालून तीन मिलिमीटर भरलं तर वाफ्याला नऊ लिटर मिळालं, सहा द्यायचं. क्षेत्रफळ, घनफळ, एककं, सगळं एका झारीत. गुरुजींनीच ‘आज पाणी नको’ म्हणून सांगून टाकलं तर मुलांनी झारी उचलली नाही आणि शिकायचंही राहिलं.

इथे मला आपल्या कार्यानुभवाच्या तासाबद्दल मनापासून तक्रार आहे. कोठारी आयोगानं 1964 ते 66 मध्ये कार्यानुभवाचा आग्रह धरला. अनेक शाळांत त्याचं काय उरलं? बाजारातून आणलेला संच, आधीच कापलेले तुकडे, मुलांनी फक्त चिकटवायचं. त्यात मुलाला काहीच ठरवायचं नाही, म्हणून काही चुकत नाही, म्हणून प्रश्न पडत नाही. दप्तराविना दिवसांत मुलांना सुताराकडे नेऊन अर्धा तास उभं करणं हीही तीच गत. नवीन शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, सहावी ते आठवीत स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याचे दहा दिवस आहेत. ते दहा ठिकाणी वाटू नका. एकच काम घ्या. वर्गासाठी पुस्तकं ठेवायची लाकडी मांडणी बनवायची असेल तर माप मुलांनी घ्यायचं, लाकडाचा हिशेब मुलांनी करायचा. फळी दोन सेंटिमीटर कमी पडली तर कुठे चुकलं तेही त्यांनीच शोधायचं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: हातकामाच्या नावाखाली कारागिराच्या पोराला पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपणार का? हे प्रत्यक्ष घडलंय. 1953 मध्ये मद्रास राज्यात तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी, यांनी ग्रामीण प्राथमिक शाळा तीन तासांवर आणली आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायाला दिला. तो धंदा जातीनं ठरलेला, म्हणून जोरदार विरोध झाला. 1954 मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना गुंडाळली गेली. विरोध योग्यच होता. त्या योजनेत घरच्या कामाला शाळेतल्या ज्ञानाशी बांधणारा शिक्षकच जागेवर नव्हता. समवाय नाही, नुसतं काम.

याउलट महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन बघा. खेड्यातल्या मुलाला मोडी आणि बाळबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि सोबत शेतीचं ज्ञान, आरोग्य, नीती. शेती अक्षरांच्या बदल्यात मागितलेली नाही, अक्षरांसोबत मागितलीय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची वाटही लक्षात घ्या. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य ही चारही क्षेत्रं असतात. वेल्डिंग मुलीही करतात, स्वयंपाकघर मुलांनाही चुकत नाही. कोण काय करणार हे आडनावावरून ठरत नाही, इथेच फरक पडतो.

‘मुलांनी बनवलेलं विकून शाळा चालवावी का?’ असंही विचारता. वर्ध्याच्या परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबी शाळेच्या कल्पनेवर हरकत घेतली होती. झाकिर हुसेन समितीनंही बजावलं होतं की उत्पन्नावर भर दिला तर शिक्षणाचा हेतू बाजूला पडेल. कारण उघड आहे: ज्या शिक्षकाला महिनाअखेर गुंड्या मोजून द्यायच्यात, तो सूत का तुटलं यावर अर्धा तास घालवणार नाही. आणि कर्मवीर भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ यात मिसळू नका. तिथे विद्यार्थी श्रम करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवतो. हेतू थोर, पण प्रश्न वेगळा.

शिक्षक मंडळींनी तयारी कशी करावी? काम आधी स्वतः पूर्ण करून बघा. हात जिथे जिथे अडला ती प्रत्येक जागा लिहून ठेवा, तुमचा अभ्यासक्रम त्या यादीत दडलेला असतो. यादीतल्या प्रत्येक जागेसमोर इयत्तेच्या पुस्तकातलं प्रकरण लिहा. जिथे प्रकरण सापडत नाही तिथे ओढूनताणून जोडू नका, तो धडा सरळ फळ्यावर घ्या. आणि धडा झाला की मुलांना परत कामाकडे पाठवा, ही पायरी सर्रास गळते. व्यस्त प्रमाण शिकून झालं? मग दुसऱ्या दिवशी 15 नंबरच्या सुताची गुंडी किती ग्रॅमची भरेल ते आधी वहीत लिहायला सांगा, मग काता, मग तोला. उत्तर 31 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. 35 आलं तर पुन्हा सूत बघायला बसा.