किती खायचं ते तिला ठरवू द्या

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या सोसायटीत एक मिरवणूक निघते. पुढे दोन वर्षांचं पोर, मागे वरणभाताची वाटी घेतलेली आई, तिच्यामागे पाण्याचं भांडं घेऊन आजी. एक घास जिन्यात, एक लिफ्टपाशी, एक वॉचमनकाकांच्या खुर्चीवर बसवून. पाऊण तासाने वाटी अर्धी होते आणि आजी म्हणते, "आज जेवला बाई नीट!" ते पाण्याचं भांडं मीही धरलेलं आहे, तेव्हा मला हसायचा हक्क नाही.

आधी थोडा हिशेब. जन्मताना 3 किलोच्या आसपास असलेलं बाळ वर्षाचं होईतो साधारण 9 किलोंचं होतं. म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपल्या डोळ्यांपुढे मात्र वाटीभर नाचणीसत्त्व चाटूनपुसून खाणारा दहा महिन्यांचा गोळा असतो! डॉक्टर वजनाचा तक्ता दाखवतात, रेघ व्यवस्थित वर चाललेली असते. आजीचं काही त्या रेघेने पोट भरत नाही.

मग दूध येतं. "जेवत नाही ना, दूध तरी पिऊ दे." सकाळी बाटली, दुपारी बाटली, झोपताना बाटली. वर्ष उलटल्यावर दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे दूध जायला लागलं, की पोटात जेवणाला जागाच उरत नाही. आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या आपल्या देशातल्या मुलांपैकी 67 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण घराघरातली ही बाटलीही त्यात आहे. दुधाबरोबर 'तेवढंच पोटात गेलं' म्हणून दिलेली दोन बिस्किटंही जेवणाची भूक मारतात, हे वेगळं सांगायला नको.

साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक गंमत करून पाहिली. नुकत्याच अंगावरून तुटलेल्या बाळांसमोर साध्या पदार्थांच्या वाट्या मांडल्या. भाज्या, फळं, अंडी, मांस, धान्य, दूध. नर्स नुसती जवळ बसायची. बाळाने बोट दाखवलं तरच चमचा पुढे करायचा, आग्रह नाही, कौतुक नाही. मुलं चित्रविचित्र जेवली. पण वाढली छान! एका बाळाला मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार होता, त्याच्यासमोर त्यावरचं औषध म्हणून कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं. बरं होईपर्यंत ते पोर स्वतःहून ते प्यायलं.

यावरून 'मुलाला कळतं, हवं ते खाऊ दे' असं कुणी म्हणेल. थांबा. त्या वाट्यांमध्ये साखर नव्हती, फरसाण नव्हतं, पाकिटातलं काही नव्हतं. समोर काय मांडायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं हे बाळाने. आपण नेमकं उलटं करतो. काय हवं ते पोराला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

मुलाने नवी भाजी थुंकली तर ती नावडती असं लगेच ठरवू नका. दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर कधीतरी ती ओळखीची होते. वाढायची मात्र चमचाभर, आणि शेजारी त्याच्या आवडीचं एखादं धिरडं असू द्या. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हे अजिबात नको, त्याने भाजी ही शिक्षा ठरते. वरणावर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालेल. आणि वजन घटत असेल, किंवा दर घासाला ठसका लागत असेल, तर माझं भाषण ऐकत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आमच्या नातीचं तोंडल्यांशी वाकडं. दर मंगळवारी तिच्या ताटलीत दोन चकत्या पडतात. पहिल्यांदा तिने त्या खाली टाकल्या. मग काही आठवडे नुसत्या बोटाने ढकलल्या. एकदा पाण्याच्या भांड्यात बुडवून पाहिल्या. माझ्या जिभेवर "अगं खा ना" येतं, ते मी कसंबसं गिळते. आजोबा शेजारी बसून चवीने तोंडली खातात, त्यांना काही सांगावं लागत नाही.

गेल्या मंगळवारी तिने स्वतःच्या ताटलीतल्या चकत्यांना हात लावला नाही. आजोबांच्या ताटातली एक उचलली, जिभेला लावली, तोंड वाकडं केलं आणि परत त्यांच्याच ताटात ठेवली. आजोबांनी ती मुकाट्याने खाल्ली.

उद्या मंगळवार. तोंडली निवडून ठेवली आहेत. नमस्कार.